घरातले बायबल उघडते तेव्हा



आपल्या बहुतेकांच्या घरात बायबल आहे. पण पुष्कळ घरांत ते वेदीवर जपून ठेवलेले असते आणि सणावारीच हाती येते. ‘रविवारी मिस्सामध्ये वाचने ऐकतोच, मग घरी वेगळे कशाला वाचायचे?’ असे अनेकांना मनापासून वाटते.

चर्चमध्ये आपण देवाचे वचन शेकडो लोकांबरोबर ऐकतो. ते शेजारच्या बाकावरच्या माणसासाठी आहे असे समजून घरी परतणे सोपे असते. घरात तशी सोय नाही. समजा, जेवणानंतर मुलगी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचते आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाशी बिनसल्याचे आठवले, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, असे प्रभू तिथे शिकवतो. मुलगी वाचता वाचता थांबते आणि विचारते, “बाबा, मग आपण काकांशी का बोलत नाही?” गावच्या घराच्या वाटणीवरून धरलेला अबोला आता लपत नाही. देवाच्या वचनासमोर आईवडील आणि मुले एकाच रांगेत येतात. आपल्याला बायबल उघडायला वेळ मिळत नाही, की या प्रश्नाची धास्ती वाटते? ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

वचन आपल्या भाषेत घरी असावे, ही ओढ जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्या जुन्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. पण गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. गाव सुटले, तरी ग्रंथ त्यांनी सोडला नाही.

नोकरीसाठी गाव सोडून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. भिलाईजवळच्या चरोद्यात रेल्वेचे यार्ड रात्रंदिवस चालते. अशा ठिकाणी एकाची पाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते आणि रोज संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसणे जमत नाही. तरी घरात जे असतील त्यांनी वाचावे. जो कामावर आहे त्याने आपल्या वेळी तोच अध्याय वाचावा. भेट झाली की त्यावर दोन शब्द बोलावेत. मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकत असतील, तर मराठी वाचनही टिकेल.

बायबल फक्त धर्मगुरूंनी वाचायचे, अशी समजूत अजून काही घरांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वारंवार आणि प्रार्थनापूर्वक वाचण्याचा आग्रह केला आहे. एखादा भाग कळला नाही, तर आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत. रोज एक वाचला, तर तीन महिन्यांच्या आत प्रभू येशूचे संपूर्ण जीवन आपल्या घरात वाचून होते. आज मार्कपासून सुरुवात करा; त्याचे १६च अध्याय आहेत. वाचन मुलांकडे द्या. आणि मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नका. कदाचित त्या रात्री तुम्हाला भावाला फोन करावा लागेल.