पेरणारा पावसाळ्यात येतो

जुलैच्या मध्यावरचा रविवार. वसईच्या गावांत भाताची आवणी चाललेली. चर्चच्या व्हरांड्यात छत्र्या ठिबकताहेत, बाकांखाली चिखलाचे पाय, आणि वेदीवर फादर हिरव्या झग्यात. वाचनांत मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष असेल तर या दिवशी पेरणाऱ्याचा दाखला वाचला जातो. त्याआधीचं यशयाचं वाचनही पावसाचंच: आभाळातून उतरलेलं पाणी जमीन भिजवल्यावाचून माघारी फिरत नाही, तसाच देवाचा शब्द.

बाकावरच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र वेगळंच. हा कसला पेरणारा? थोडं बी वाटेवर, थोडं खडकाळीवर, थोडं काट्यांत! आपण राब भाजायचा, रोप जपायचं, मग कमरेत वाकून एकेक मूठ चिखलात रोवायची. वाटेवर बी सांडलं तर घरची म्हातारी दिवसभर बोलेल. पॅलेस्टाइनात बी फोकून पेरत, आणि तिथला पाऊस हिवाळ्यातला. हा फरक प्रवचनात आला नाही, तर दाखला कानावरून जातो. आला, तर त्यातला धक्का कळतो: या पेरणाऱ्याला हात आखडता घेताच येत नाही.

हे वेळापत्रक आपला पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून कुणी आखलेलं नाही. उपासना वर्ष भूमध्य समुद्राकाठी घडलं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेचा हिशोब करून ईस्टर ठरतो आणि २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेतरी पडतो. तिकडे तेव्हा झाडांना पालवी, आपल्याकडे विहिरी तळाला. तरी मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या, म्हणजे सामान्य काळाचा हिरवा रंग नेमका आपल्या पावसात येतो. योगायोगच, पण असा योगायोग वाया घालवणाऱ्या प्रवचनकाराची मला कीव येते.

मी व्यासपीठावरचा नव्हे, बाकावरचा माणूस. मला उपासना वर्षाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हा, की काय बोलायचं ते बोलणारा ठरवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र लावलं: मत्तय, मार्क, लूक. मार्क आखूड, म्हणून त्याच्या वर्षी भर पावसाळ्यात सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. भाकरी, भाकरी आणि भाकरी. पाचव्या रविवारी फादरांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण हीच तर गंमत आहे. आवडीचा विषय निवडायची मोकळीक मिळाली की माणूस आपल्याच अंगणात फिरतो. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी ज्या प्युरिटन वारशातले, त्याने तर १६५९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला दंड लावला होता. सणांच्या चक्रावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या धाटणीच्या मंडळ्यांत पाळक वचन स्वतः निवडतात. ताकदीच्या पाळकाला ते शोभतं, बाकीच्यांच्या बाबतीत ऐकणाऱ्याच्या वाट्याला वर्षभर एकच सूर येतो. ठरवून दिलेल्या विषयाचं बंधन आपल्या मातीला नवं नाही. काल्याच्या कीर्तनाला काल्याचाच अभंग लागतो आणि तिथे बुवांची हौस चालत नाही.

चक्राचा तोटाही आहे: तीन वर्षांपूर्वीच्या प्रवचनाची फाइल. एका फादरांनी त्याच रविवारी तोच विनोद पुन्हा सांगितला, तेव्हा माझी आई विनोद संपायच्या आधीच हसली. मजकूर तोच आला म्हणून माणूस तोच राहिलेला नसतो. तीन वर्षांत बाकावरच्या कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाची वाडी बिल्डरला गेलेली असते.

डिसेंबरात प्रवचनकाराची याहून अवघड परीक्षा असते. बाजारात नाताळचे तारे लटकतात, केकच्या ऑर्डरी सुटतात, आणि नाताळआधीच्या आगमनकाळाची वाचनं सांगत असतात जागं राहायला, जगाच्या अंताबद्दल, वाळवंटात ओरडणाऱ्या योहानाबद्दल. जांभळा झगा घालून गोठ्याचं गोड प्रवचन देणं सोपं. चार आठवडे लोकांना थांबवून ठेवणं कठीण. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मात्र सगळे सरसावतात. चाळीस दिवस उपास, क्रुसाची वाट, पश्चात्ताप. ईस्टरनंतर पन्नास दिवस आनंदाचे, उपासाहून दहा जास्त, पण ते कसे पाळायचे हे सांगणारं प्रवचन मी फार क्वचित ऐकलं. आपल्याला रडवणारा वक्ता भारी वाटतो, ही खोड व्यासपीठाची आणि बाकांचीही.

२०२६ हे मत्तयाचं वर्ष. १२ जुलैला पेरणारा येईल, १९ला गव्हातलं निदण, म्हणजे नेमकं आपल्या बेणणीच्या तोंडावर. फादर, आदल्या संध्याकाळी फाइल उघडण्याआधी एकदा बांधावरून चक्कर मारून या. चिखल आहे, चपला हातात घ्या.