खरे रक्षण कशाचे?



कोसल देशाचा राजा प्रसेनजित एकदा तथागतांकडे आला आणि आपल्या मनातला विचार त्याने बोलून दाखविला. जो काया, वाचा, मनाने दुराचार करतो, त्याच्याभोवती हत्ती, घोडे, रथ आणि पायदळाचे कडे असले तरी तो अरक्षितच. जो सदाचाराने वागतो, त्याच्या दाराशी एकही शिपाई नसला तरी तो रक्षित. कारण सैन्याचे रक्षण बाहेरचे असते, आतले नसते. तथागतांनी त्याला संमती दिली. संयुत्त निकायात हा प्रसंग आहे.

सदाचारी माणसावर घाव पडत नाही, असा याचा अर्थ करू नका. महामोग्गलानासारख्या अरहंतालाही मारेकऱ्यांनी ठार केले, असे परंपरा सांगते. घाव शरीरावर पडतो. शील मात्र आपण स्वतः सोडल्याखेरीज कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

आता आपल्या काळातील एका रक्षकाचे चरित्र पाहा. खुसरो फरामर्ज रुस्तमजी १९१६ साली नागपूरजवळच्या कामठीत एका पारशी घरात जन्मले. १९३८ साली ते पोलीस सेवेत आले आणि १९५२ ते १९५८ या काळात पंतप्रधान पंडित नेहरूंचे मुख्य सुरक्षा अधिकारी होते. नेहरूंना पहाऱ्याचा कंटाळा. ते सरळ गर्दीत शिरत. १९५५ साली नागपुरातच एक माणूस सुरा घेऊन त्यांच्या मोटारीवर चढला होता. नेहरू बचावले. असे हे जोखमीचे काम! पुढे १९६५ साली सीमा सुरक्षा दल स्थापन झाले, त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजीच झाले.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते पुढच्या कामात. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. तेथे गोरगरीब माणसे खटला न चालताच वर्षानुवर्षे खितपत पडली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा मिळाली असती, तिच्याहून अधिक काळ काहींनी कोठडीत काढला होता. जामिनाला पैसा नाही, वकील नाही. रुस्तमजींनी १९७९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात हे लिहिले. ते वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून खटला तो हाच. त्वरित खटला चालणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. हजारो कैदी सुटले.

ध्यानात घ्या, एका माणसाच्या रक्षणाला सरकारची सारी यंत्रणा उभी होती. त्या हजारोंना कोणीच रक्षक नव्हता. त्यांच्या कामी आली ती परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेली राज्यघटना, आणि जे दिसले ते न लपविणारा एक माणूस. पाहिलेले सत्य बोलणे, हीच सम्यक वाचा.

मग आपल्या घरांचे काय? धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, तरी बाळाच्या दंडाला ताईत आणि उंबऱ्यावर लिंबू‑मिरची दिसते. विचारले तर माता‑भगिनी म्हणतात, “असू द्या गुरुजी, राखण होते.” मातांनो, तुमची भीती मला कळते. पिढ्यान्‌पिढ्या आपली राखण कोणीच केली नाही, म्हणून ती भीती रक्तात मुरली. परंतु दोऱ्याने तापही उतरत नाही आणि जुलूमही थांबत नाही. तापाला दवाखाना आहे. जुलमाला कायदा आहे, आणि शेजाऱ्याच्या बाजूने साक्षीला उभे राहणारे आपण आहोत.

येत्या पौर्णिमेला त्रिसरण‑पंचशील झाल्यावर ताईत स्वतःच्या हाताने सोडा. मुलाला घटनेचे २१ वे कलम समजावून सांगा. आणि वस्तीत जो एकटा पडला असेल, त्याच्या दारी जा. ज्याला रक्षक नाही त्याचे रक्षक होणे, हाच धम्म.

जय भीम! जय बुद्ध!