अनात्म आणि आपला मीपणा



नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न विचारला जातो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणूस म्हणून 'मी' म्हणू दिले नाही, त्यांनाच आता 'मी' सोडा असे का सांगता? प्रश्न रास्त आहे.

प्रथम विज्ञानाकडे पाहू. १९२४ साली ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या गणिताचा एक निबंध आइन्स्टाईन यांना पाठविला. आइन्स्टाईन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून छापून आणला. त्याचे मर्म घरगुती दाखल्याने कळेल. ज्वारीचे दोन दाणे दोन मडक्यांत टाकायचे आहेत. दोन्ही पहिल्यात, दोन्ही दुसऱ्यात, हा इकडे तो तिकडे, तो इकडे हा तिकडे, असे चार प्रकार होतात. प्रकाशकणांचे मात्र तीनच प्रकार मोजावे लागतात. कारण 'हा' आणि 'तो' हा भेदच त्यांच्यात नाही. चार धरले तर हिशेब प्रयोगाशी जुळत नाही, तीन धरले तर जुळतो. इलेक्ट्रॉनांचे गणित निराळे. परंतु एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची खूण त्यांच्यातही नाही.

यावरून तथागतांनी हे विज्ञान आधीच सांगितले होते, असे कोणी म्हणू नये. खोट्या आधारावर धम्म उभा राहत नाही. तथागतांनी शोध घेतला तो माणसाच्या दुःखाचा. सारनाथ येथे पंचवर्गीय भिक्खूंना त्यांनी दाखविले की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाचही स्कंधांत कायम टिकणारा आत्मा सापडत नाही. आधुनिक विज्ञानाने इतकेच केले, की प्रत्येक वस्तूच्या मुळाशी तिची स्वतःची कायमची ओळख असलीच पाहिजे, ही आपली समजूत हलविली.

आता मूळ प्रश्न. अमर आत्मा मागील जन्मीचे पाप-पुण्य घेऊन ठराविक जातीत येतो, असे सांगूनच जातिव्यवस्थेचे समर्थन केले गेले. आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले ते याच हिशेबाने. म्हणून बोधिसत्त्व बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अधम्म म्हटले. आत्मा गेला की जन्मजात उच्च गेला आणि जन्मजात नीचही गेला. अनात्म आपला स्वाभिमान हिरावून घेत नाही. दुसऱ्यांनी आपल्या कपाळी मारलेला शिक्का तो पुसून टाकतो.

स्वाभिमान वेगळा, अहंकार वेगळा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे 'आम्हीही माणसे आहोत' असे म्हणत होते. अहंकार म्हणतो, 'मी तुझ्याहून श्रेष्ठ आहे.' पहिल्यात सर्वांना जागा आहे, दुसऱ्यात एकट्यालाच.

घरातील देव्हारा हलविला, पण सोयरीक जुळविताना जुनी पोटजात विचारली. मुलगा साहेब झाला आणि वस्तीतल्या चुलत्याला ओळख देईना. तर ती दीक्षा अर्धीच राहिली. जो शिक्का आपण पुसला, तोच आपण दुसऱ्याच्या कपाळी मारू लागलो.

म्हणून येत्या पौर्णिमेला त्रिसरण-पंचशील झाल्यावर घरातील सर्वांनी थोडा वेळ शांत बसावे आणि प्रत्येकाने स्वतःला विचारावे : या पंधरवड्यात मला राग आला, तो अन्याय दिसला म्हणून, की माझा मोठेपणा दुखावला म्हणून? अन्यायाचा असेल तर उठून उभे राहावे. मोठेपणाचा असेल तर तो तिथेच सोडून द्यावा.

नमो बुद्धाय. जय भीम.