एकाच खोक्यातले दोघे

दिल्लीला लागून, यमुनेपलीकडे, उंच इमारतींची एक वसाहत होती. तिच्या फाटकावर रात्रपाळीला एक चौकीदार असे. फेब्रुवारी सुरू होता आणि पहाटे अजून धुके पडत होते. अशाच एका पहाटे त्याला फाटकाच्या भिंतीशी बिस्किटांचे एक खोके दिसले. खोक्याला कुणीतरी पेनाने भोके पाडली होती. आत दोन ससे होते, एक पांढरी सशीण आणि एक करडा ससा. दोघे असे बिलगून बसले होते, की चौकीदाराला आधी तो एकच प्राणी वाटला.

दिल्लीत ससा मिळायला वेळ लागत नाही. जामा मशिदीजवळच्या बाजारात कबुतरांच्या पिंजऱ्यांशेजारी सशांचे पिंजरे असतात. मुलांचा वाढदिवस आला की तिथून ससा घरी येतो. चार महिन्यांत तो मोठा होतो, सोफा आणि वायरी कुरतडू लागतो, आणि मग असे एखादे खोके कुठल्यातरी फाटकाशी येऊन पडते.

पाळी संपल्यावर चौकीदार घरी गेला नाही. खोके मांडीवर घेऊन तो रिक्षाने एका प्राणी-निवाऱ्यात पोचला. तिथल्या ताई म्हणाल्या, "भैया, एकच पिंजरा रिकामा आहे. एकाला ठेवून घेते." पांढरी तिथे राहिली. करड्याला घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निवाऱ्यात गेला. तिथल्या साहेबांनी वहीत तारीख, रंग, वजन लिहिले आणि करड्याला ठेवून घेतले. दोन्ही ठिकाणी चौकीदार एकच सांगून आला, "हे दोघं एकाच खोक्यातले आहेत. जमलं तर पुन्हा एकत्र आणा." दोन्हीकडून त्याला हो मिळाले.

ताई मायाळू होत्या. त्यांच्याकडे गाड्यांखाली सापडलेले कुत्रे होते, प्लास्टिक खाऊन पोट फुगलेल्या गाई होत्या, आणि चाऱ्याचे पैसे महिना संपायच्या आत संपत. म्हणून त्यांनी एक सोपा नियम केला होता. जो मागायला येईल त्याला प्राणी द्यायचा, तेवढीच इथली गर्दी कमी.

दुसऱ्याच रविवारी एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीचा वाढदिवस होता. ताईंच्या मदतनिसाने त्यांचे नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला.

"खायला काय द्यायचं?" गृहस्थांनी विचारले.

"गाजर द्या, ब्रेड द्या. सगळं खातो."

पाच मिनिटांत पांढरी गाडीत बसली.

माणसे वाईट नव्हती. मुलीने बाल्कनीतल्या पिंजऱ्याला रंगीत कागद लावले. रोज शाळेतून आल्यावर ती गाजराच्या चकत्या करून देई. ससा मुळात गवतावर जगणारा प्राणी. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. गाजर त्याला चवीपुरते द्यायचे. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते. पांढरी एकटी कोपऱ्यात बसून राहू लागली. तिला सोबत हवी म्हणून मार्चच्या सुरुवातीला गृहस्थ पुन्हा निवाऱ्यात गेले. मदतनिसाने आणखी एक ससा काढून दिला. "हीसुद्धा मादीच आहे," तो म्हणाला. वयाने लहान सशांत नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात, आणि इथे तर नीट पाहिलेच नव्हते. सशिणीचे दिवस जेमतेम महिन्यात भरतात. एप्रिलमध्ये पिंजऱ्यात पाच पिल्ले होती, अंगावर लव नसलेली, डोळे मिटलेली.

मे आला. दिल्लीचा मे तो. पारा ४५ अंशांवर गेला आणि लू वाहू लागली. ससा अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि ३० अंशांच्या पुढे त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. त्या बाल्कनीत दुपारचे ऊन थेट पिंजऱ्यावर येई. गृहस्थांनी वरून ओले पोते टाकले. एका संध्याकाळी पांढरीने खाणे सोडले.

"उद्या सकाळी दाखवू," घरातले म्हणाले.

सशाने अर्धा दिवस तोंडाला काही लावले नाही, तर त्याचे आतडे थांबू लागते. ते दुखणे उद्यावर टाकायचे नसते. सकाळी पांढरी निपचित पडलेली होती.

गृहस्थांनी तिला कापडात गुंडाळले आणि उरलेला ससा नि पाच पिल्ले घेऊन ते निवाऱ्यात परत आले. तो सोमवार होता. सोमवारी तिथे एक म्हातारे डॉक्टर येत. त्यांनी पांढरीला तपासले. तिच्या पोटात पुन्हा पिल्ले होती. मुलीने ताईंना एवढेच विचारले, "तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला सांगितलं का नाही?"

ताईंकडे उत्तर नव्हते. खरे तर त्यांनाही माहीत नव्हते.

आता करड्याचे ऐका.

दुसऱ्या निवाऱ्यातले साहेब कडक होते, आणि त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या माणसाने त्यांच्याकडून दोन ससे नेले आणि आठवड्यात विकून टाकले. तेव्हापासून साहेबांनी सात पानांचा इंग्रजी अर्ज तयार केला होता. घर स्वतःचे आहे का, वार्षिक उत्पन्न किती, गाडी आहे का, ओळख देणारे दोघे कोण, असे त्यात विचारलेले असे. ससा काय खातो, हे सात पानांत कुठेही विचारलेले नव्हते. म्हाताऱ्या जोडप्याला नकार मिळाला, लहान मुले असलेल्या घराला नकार मिळाला. एक कुटुंब तर नकार घेऊन तिथूनच जामा मशिदीच्या बाजारात गेले आणि ससा विकत घेऊन आले.

जुन्या राजिंदर नगरात स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्रातून आलेली मुले दाटीवाटीने राहतात. त्या मुलांना डबे देणाऱ्या एक विधवा बाई तिथल्याच एका भाड्याच्या खोलीत राहत. मुले त्यांना काकू म्हणत. त्यांच्या माहेरी ससे पाळलेले होते. करड्याची बातमी एका मुलाकडून कळली तेव्हा त्यांनी त्याच्याकडूनच अर्ज भरून घेतला आणि गुरुवारी दुपारी, डबे पोचवून झाल्यावर, त्या निवाऱ्यात गेल्या.

साहेबांनी पहिले पान वाचले. "भाडेकरूंना आम्ही देत नाही," ते म्हणाले.

काकूंनी वाद घातला नाही. पण पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या, आणि त्यापुढच्याही. पिशवीत मुळ्याचा पाला असे, कोथिंबिरीचे देठ असत, आणि बागेतून खुडलेल्या दूर्वा असत. गणपतीला वाहायच्या जुड्या बाजूला काढून उरलेल्या साऱ्या त्या करड्याला आणत. एकेक काडी जाळीतून आत सरकवत. करडा ती पुढच्या दातांनी धरी आणि भराभर आत ओढून घेई.

अशीच काडी देताना एकदा त्यांचे लक्ष त्याच्या मागच्या पायांकडे गेले. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा होता. सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरांसारखी मऊ गादी नसते, नुसते दाट केस असतात. तीन महिने जाळीवर बसून करड्याच्या टाचांचे केस उडाले होते, कातडी लाल झाली होती आणि एका टाचेला जखम चिघळली होती. तो एक पाय उचलून धरी, थोड्या वेळाने दुसरा. काकूंनी झाडलोट करणाऱ्या पोऱ्याला हाक मारली. त्याने तळाशी गोणपाट अंथरले. पिंजरा रोज धुता आला पाहिजे असा नियम होता, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते काढून टाकले.

सोमवारी ताईंकडे येणारे डॉक्टर गुरुवारी या निवाऱ्यात येत. पांढरी गेली त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी करड्याच्या टाचा पाहिल्या. ते मलमपट्टी करत होते तेवढ्यात दारात चौकीदार उभा राहिला. सुट्टी होती, म्हणून दोघांची खुशाली विचारायला तो निघाला होता. पांढरीचे त्याला सकाळीच कळले होते. तो करड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "मी या दोघांना कुठे न्यायला हवं होतं?"

डॉक्टरांनी पट्टी बांधून पूर्ण केली, पण या प्रश्नावर ते काही बोलू शकले नाहीत. रविवारी त्यांनी ताईंना आणि साहेबांना एकत्र बोलावले. काकूंनाही बोलावले, आणि झाडलोट करणाऱ्या पोऱ्यालाही. मध्ये एक कोरा कागद ठेवला.

"ससा देताना काय विचारायचं, ते एकदाच ठरवू," ते म्हणाले. "दोन्हीकडे तेच विचारायचं. बंगल्यातून आलेल्याला तेच आणि खोलीतून आलेल्याला तेच."

गवत रोज कुठून आणाल, हे पहिले लिहिले गेले. मे महिन्यात दुपारी ससा कुठे असेल, हे दुसरे. रात्री त्याने खाणे सोडले तर कोणत्या डॉक्टरकडे न्याल? घरमालकाला माहीत आहे का? पोऱ्या म्हणाला, "सुट्टीत गावी जाल तेव्हा कोण बघेल, तेही विचारा." काकू म्हणाल्या, "आणि ससा आठ-दहा वर्षं जगतो हे आधी सांगा. नाही जमलं तर परत आणा, कुणी रागावणार नाही, असंही लिहा." डॉक्टरांनी आपल्या बाजूने दोन गोष्टी घातल्या. नर-मादी नीट तपासल्याशिवाय आणि नसबंदी झाल्याशिवाय जोडी द्यायची नाही, आणि एकटा ससा द्यायचा नाही.

"फसवणारा आला तर?" साहेबांनी विचारले.

"फसवणाऱ्याकडे घर असतं, गाडी असते, ओळखीही असतात," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यावर विसंबू नका. एकदा घरी जाऊन जागा बघून या."

"पण एका खोलीत ससा?"

"इंग्लंडमधली सशांसाठी काम करणारी मोठी संस्था एका जोडीला ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा हवी म्हणते. काकूंची खोली १० फूट बाय १२ फूट आहे. तुमचा पिंजरा मोजून बघा."

साहेबांनी पिंजरा मोजला नाही. त्यांनी त्याच दिवशी त्याचा जाळीचा तळ काढून फळी बसवली आणि वर गवत पसरले.

ताईंकडच्या पाच पिल्लांपैकी तीन तोवर कुणाकुणाला देऊन झाली होती. ती कुठे गेली याचा पत्ता फक्त मोबाइल नंबरांवर होता, आणि त्यातले दोन नंबर लागत नव्हते. उरलेल्या दोन माद्यांपैकी एक, आईसारखीच पांढरी, करड्याच्या निवाऱ्यात आणली गेली. डॉक्टरांनी करड्याची नसबंदी केली आणि ती पुरेशी वाढल्यावर तिचीही. दोघांना आधी शेजारी-शेजारी ठेवले, मध्ये जाळी. काही आठवड्यांनी जाळी काढली तेव्हा ती दोघे एकमेकांचे कान चाटू लागली.

जुलैमध्ये ते गृहस्थ मुलीसह पुन्हा आले. मुलीला ससा हवा होता. ताईंनी तो कागद पुढे केला. दुसऱ्या प्रश्नाशी गृहस्थ थांबले. "आमच्याकडे बाल्कनीच आहे," ते म्हणाले, "आत जागा करू तेव्हा येऊ." कुणी त्यांना नाही म्हटले नव्हते. मुलगी मात्र रविवारी निवाऱ्यात येऊ लागली. गवत निवडायचे काम तिने स्वतःहून मागून घेतले.

काकूंनी अर्ज पुन्हा केला. सोबत घरमालकीणबाईंना घेऊन आल्या. साहेब खोली पाहायला गेले. कूलर होता, उन्हाची खिडकी पडद्याने झाकलेली होती, वायरी पाइपात घातलेल्या होत्या. "दिवाळी होऊन जाऊ दे," डॉक्टर म्हणाले, "फटाक्यांनी नव्या घरात बिचकतील." भाऊबीज झाल्यावर करडा आणि पांढरीची ती लेक राजिंदर नगरात राहायला गेली. चौकीदार त्यांना पोचवायला सोबत होता.

या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. ताईंचे मन मोठे होते आणि साहेबांची सावधगिरी खरी होती. पण एकीने काही विचारले नाही आणि दुसऱ्याने सशाचे सोडून सगळे विचारले. सशाचे नशीब त्याच्या गरजेवर ठरले नाही, तो कोणत्या दाराशी पोचला यावर ठरले. आपल्या देशात २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत सशाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ससा विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जो विकत नाही, वाचवून देतो, त्याने तरी दुकानदारापेक्षा जास्त विचारायला हवे, आणि प्रत्येकाला सारखेच विचारायला हवे.

तुम्ही दिल्लीत असा की पुण्यात, ससा आणायला निवाऱ्यात गेलात आणि कुणी काही विचारले नाही, तर हे प्रश्न तुम्हीच विचारा. आणि नको ते विचारून तुम्हाला परत पाठवले, तर बाजाराकडे वळू नका. काकूंसारखे पुढच्या गुरुवारी पुन्हा जा.