श्रेय, प्रेय आणि शेवट : कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबरीतील एक नैतिक प्रश्न

१

कठोपनिषदातील नचिकेत हा वयाने कुमार आहे, ही गोष्ट तत्त्वचर्चेच्या ओघात बहुधा मागे पडते. पित्याने यज्ञात दान म्हणून दिलेल्या गाई म्हाताऱ्या आणि भाकड आहेत, हे त्याला दिसते. ते दिसते म्हणून तो प्रश्न विचारतो आणि प्रश्न विचारला म्हणून चिडलेला पिता त्याला मृत्यूच्या हवाली करतो. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी काढल्यावर मिळालेल्या तिसऱ्या वरात तो मरणोत्तर अस्तित्वाविषयी विचारतो, तेव्हा यम त्याला परोपरीने परावृत्त करू पाहतो. दीर्घायुष्य, पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने असे सारे काही तो देऊ करतो. हा एक प्रश्न तेवढा सोड म्हणतो. मुलाने अवघड काही विचारले की घरातील थोरांनी त्याच्यापुढे खेळणे ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. नचिकेत ते नाकारतो. त्यानंतर यम बोलू लागतो. पण त्याच्या बोलण्याचा आरंभ 'आहे' किंवा 'नाही' अशा उत्तराने होत नाही, तर श्रेय आणि प्रेय यांतील भेदाने होतो.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विज्ञानकादंबरीचा आणि फँटसीचा विचार करताना हा प्रसंग आठवतो, याचे कारण यम आणि नचिकेत यांच्यातील असमान नाते या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशीच आहे. सांगणारा प्रौढ आहे आणि ऐकणारा प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर उभा आहे. जॅक्लीन रोझ यांनी १९८४ साली 'पीटर पॅन'च्या निमित्ताने बालवाङ्मय ही एका अर्थी 'अशक्य' गोष्ट असल्याचे प्रतिपादन केले. प्रौढ लेखक आणि ग्रहण करणारे मूल यांच्यामधील अवकाशात दोघांपैकी कोणीच खऱ्या अर्थाने प्रवेश करीत नाही, मूल ही प्रौढाच्याच गरजेतून घडलेली प्रतिमा असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. कुमारवाचकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तो मूलपणाच्या प्रतिमेत मावत नाही आणि प्रौढांच्या व्यवहारात अद्याप गणला जात नाही. त्याला काय सांगावे, हा प्रश्न समीक्षेत पुष्कळ चर्चिला गेला आहे. सांगणे कोठे आणि कसे थांबवावे, हा प्रश्न मात्र मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कादंबरीचा शेवट ही रचनेची बाब आहे, हे खरेच. परंतु या वाङ्मयप्रकारात ती प्रथमतः नीतीची बाब ठरते. लोइस लोरी यांची 'द गिव्हर' आणि अर्सुला ल ग्विन यांची 'अर्थसी' मालिका या दोन उदाहरणांच्या आधारे हे तपासून पाहावयाचे आहे.

२

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द गिव्हर'मधील समाज दुःखमुक्त आहे. तेथे भूक नाही, युद्ध नाही, ऋतू नाहीत आणि रंगही नाहीत. जोडीदार, मुले, व्यवसाय हे सारे वडीलधाऱ्यांची समिती ठरवते. वयात येताना जागणारी शारीर ओढ रोजच्या एका गोळीने शमवली जाते. या व्यवस्थेची किंमत म्हणजे स्मृती. मानवजातीच्या समग्र भूतकाळाचा भार एकाच व्यक्तीने वाहावयाचा, म्हणजे इतर सर्वांनी हलके राहावे, अशी योजना आहे. बारा वर्षांच्या जोनासची निवड या कामासाठी होते आणि वृद्ध स्मृतिदाता एकेक स्मृती त्याच्यात संक्रमित करू लागतो. पहिली स्मृती बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने जाण्याची आहे. मग ऊन येते, रंग येतात, मोडलेल्या हाडाची वेदना येते, रणभूमी येते. अखेर जोनासला कळते की त्या समाजात 'मुक्त करणे' या सौम्य शब्दाचा अर्थ ठार मारणे असा आहे आणि आपला प्रेमळ पिता नवजात अर्भकाला सुई टोचून हे काम निर्विकारपणे करतो.

या कादंबरीचे सर्वसाधारण वाचन स्वातंत्र्याच्या बाजूने आणि नियंत्रणाच्या विरोधात केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जोनास समाज सोडून गेला की त्याच्याजवळील स्मृती तेथील सर्वांवर कोसळणार आहेत, हे त्याला आणि स्मृतिदात्याला ठाऊक असते. किंबहुना त्यांची योजनाच ती आहे. म्हणजे ज्यांनी कधी मागितले नाही, ज्यांना विचारलेही गेले नाही, अशा हजारो माणसांवर युद्धाच्या आणि मरणाच्या आठवणी लादल्या जाणार आहेत. समितीने त्यांच्यासाठी अज्ञान निवडले. हे दोघे त्यांच्यासाठी ज्ञान निवडतात. दोन्हीकडे निवड परस्परच होते. या पेचातून कादंबरीला जी थोडी नैतिक सुटका मिळते, ती स्मृतिदात्याच्या एका निर्णयामुळे. तो जोनासबरोबर पळून जात नाही. स्मृती कोसळतील तेव्हा लोकांना त्या पेलता याव्यात म्हणून तो मागे राहतो.

हा तपशील मला मध्यवर्ती वाटतो. भीषण सत्य सांगण्याचा अधिकार केवळ ते सत्य आहे म्हणून प्राप्त होत नाही. सांगितल्यानंतर थांबण्याची तयारी असेल तरच तो प्राप्त होतो. कुमारवाचकाला अंधारापासून दूर ठेवणारा लेखक त्या समितीसारखा वागतो. अंधार दाखवून निघून जाणारा लेखकही त्याच्या मर्जीचा फारसा विचार करत नाही. तिसरी शक्यता स्मृतिदात्याची आहे.

३

मात्र ज्या कादंबरीत हा विचार आहे, तिचा शेवट वाचकाजवळ कोणाला थांबवतो? छोट्या गेब्रिएलला घेऊन जोनास सायकलवरून पळतो. उपासमार होते, बर्फ पडू लागते, सायकल सोडावी लागते. टेकडीच्या माथ्यावर त्याला एक घसरगाडी सापडते. उताराच्या तळाशी दिवे दिसतात, संगीत ऐकू येते; आणि ते संगीत कदाचित केवळ प्रतिध्वनी असावे, अशा संशयावर निवेदन थांबते. पहिल्या स्मृतीतील बर्फ, उतार आणि घसरगाडी शेवटच्या पानावर परत येतात, हे लक्षात घेतले की दोन अन्वयार्थ समोर येतात. मुले एका गावी पोहोचली आहेत; किंवा गारठून मरणाऱ्या मुलाचे मन स्मृतीच्या आश्रयाला गेले आहे. त्झ्वेतान तोदोरोव यांनी अद्भुताचे लक्षण सांगताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील ज्या दोलायमानतेवर भर दिला, तिच्याशी या अवस्थेचे नाते आहे. फरक इतकाच, की येथील दोलायमानता जगाच्या नियमांविषयी नाही. ती दोन मुलांच्या जिवाविषयी आहे. त्यामुळे वाचक तिच्याकडे तटस्थपणे पाहू शकत नाही.

१९९४ साली न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात लोरी यांनी 'खरा' शेवट सांगण्यास नकार दिला. प्रत्येक वाचकाचा शेवट त्याचा त्याने ठरवावयाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती संहितेशी सुसंगत होती. ज्या समाजात कोणालाच काही निवडता येत नाही, त्याच्या कथेने अखेरची निवड वाचकाच्या हाती द्यावी, यात आशय आणि रूप यांचे दुर्मिळ ऐक्य आहे. परंतु लोरी यांनी पुढे आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. २००४ सालच्या 'मेसेंजर'मध्ये एका गावाचा तरुण नायक म्हणजे जोनासच, हे संदर्भांवरून उलगडते. २०१२ सालच्या 'सन'मध्ये तो आणि गेब्रिएल नावानिशी भेटतात. मुले वाचली होती.

यात गैर काय, असे कोणी विचारील. लेखिकेला आपल्या पात्रांचे पुढे काय झाले हे सांगण्याचा अधिकार नाही काय? अधिकार आहेच, शिवाय या उत्तरकथांना स्वतःचे विषय आणि स्वतःचे मोल आहे. तरीही पहिल्या कादंबरीच्या वाचकाला दिलेली गोष्ट येथे परत घेतली गेली, हे नाकारता येत नाही. ज्या मुलीने स्वतःच्या बळावर 'ते मेले' असा निष्कर्ष काढून तो सहन केला होता, तिचा अन्वयार्थ आता चुकीचा ठरला. ज्या मुलाने पुरावा नसताना 'ते पोहोचले' असे मानण्याचे धैर्य दाखवले होते, त्याचा विश्वास आता नुसती माहिती झाला. दोघांनीही केलेले काम अनावश्यक ठरले. नचिकेताने तिसरा वर मागावा आणि यमाने 'काळजी करू नकोस, सारे ठीक होते' असे म्हणून त्याला घरी पाठवावे, तसे हे झाले. उत्तर खोटे नसेल. पण ते प्रेय आहे.

४

यावरून खुला शेवट नैतिक आणि बंद शेवट अनैतिक असे समीकरण कोणी मांडले, तर ते टिकणार नाही. 'अर्थसी'चे उदाहरण येथे उपयोगी पडते. प्रकाशकाने वयाने थोड्या मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली आणि त्यातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आकाराला आली. १९७१ आणि १९७२ मधील दोन कादंबऱ्यांनी त्रयी पूर्ण झाली. 'द फार्देस्ट शोअर' या तिसऱ्या कादंबरीत गेड हा महामांत्रिक जीवन आणि मृत्यू यांच्यामध्ये उघडे पडलेले दार बंद करताना आपली सारी शक्ती खर्ची घालतो आणि ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो. त्याचे पुढे काय झाले, याच्या दोन कथा निवेदक देतो. एकीनुसार तो तरुण राजाच्या राज्याभिषेकाला आला आणि मग आपल्या नावेतून एकटाच समुद्रात निघून गेला. दुसरीनुसार राजा त्याला शोधत गाँट बेटावर गेला, तेव्हा तो पायीच डोंगरातील रानात निघून गेला होता. म्हणजे हा शेवटही खुलाच होता. आख्यायिकेच्या धूसर प्रकाशात सोडलेला.

अठरा वर्षांनी, १९९० साली, ल ग्विन यांनी 'तेहानू' लिहून तो बंद केला. गेड रानात का गेला, हे आता कळते. त्यात वैराग्याचे तेज मुळीच नाही. शक्ती गमावलेला तो माणूस लाजेने खचला आहे आणि राजाची माणसे शोधायला येताच लपून बसतो. नंतर डोंगरावर शेळ्या राखतो. कादंबरी त्याची नाहीच. ती टेनारची आहे, एका शेतकऱ्याच्या मध्यमवयीन विधवेची. आणि थेरूची आहे, जिच्यावर अत्याचार करून जिला आगीत टाकले होते त्या मुलीची. पहिल्या कादंबरीत बायकांच्या जादूला तुच्छ लेखणारी म्हण सहज येऊन गेली होती. मंत्रविद्येची शाळा फक्त मुलग्यांची होती. त्या वेळी जे जगाचे नियम म्हणून वाचकाने गिळले, ते नियम कोणी केले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे 'तेहानू' विचारते.

लोरी यांच्याप्रमाणे ल ग्विन यांनीही दिलेले परत घेतले, असे म्हणता येईल. पण दोन्ही कृतींचा परिणाम विरुद्ध दिशांना जातो. 'मेसेंजर' वाचल्यावर 'द गिव्हर'च्या शेवटाविषयी विचार करण्याची गरज कमी होते. 'तेहानू' वाचल्यावर आधीच्या तिन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचाव्या लागतात. ज्या नायकावर आपण कुमारवयात भाळलो, त्याच्या थोरवीत आपण काय पाहिले नाही, हा प्रश्न वाचकाला स्वतःकडे वळवावा लागतो. 'तेहानू'च्या मुखपृष्ठावर ही अर्थसीची अखेरची कादंबरी असल्याचे म्हटले होते. २००१ साली एक कथासंग्रह आणि आणखी एक कादंबरी आली व तोही शब्द मागे घेतला गेला. येथे उत्तर आले, पण त्याने प्रश्न मिटवला नाही. तो अधिक खोल केला. यमाचे उत्तरही याच जातीचे आहे.

५

एक गंभीर आक्षेप उरतो. दिलासा ही वाङ्मयाची हीन गरज आहे, असे मानण्याचा समीक्षकांना काय अधिकार? जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली दिलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या परीकथांवरील व्याख्यानात दिलासा हे या वाङ्मयाचे एक श्रेष्ठ कार्य मानले आणि सर्वनाशाच्या काठावर अनपेक्षितपणे येणाऱ्या मंगल कलाटणीला त्याच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांच्या मते ही कलाटणी दुःखाचे अस्तित्व नाकारत नाही. अंतिम पराभव तेवढा नाकारते. हा युक्तिवाद बाजूला सारता येत नाही. ज्या मुलाच्या वास्तव आयुष्यात आधीच पुरेसा अंधार आहे, त्याच्या दृष्टीने 'ते पोहोचले' हे वाक्य प्रेय नसून जगण्याचा आधार असू शकते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु टोल्किन यांच्याच निकषाने पाहिले, तर भेद स्पष्ट होतो. 'तेहानू'च्या शेवटीही मंगल कलाटणी आहे. थेरूच्या हाकेला ड्रॅगन येतो आणि टेनार व गेड वाचतात. मात्र गेडची शक्ती परत येत नाही. थेरूचा भाजलेला चेहरा भाजलेलाच राहतो. दिलासा मिळाला, पण त्याने जखमेवर पडदा टाकला नाही. जे घडले ते घडलेच होते, हे मान्य करूनच तो मिळाला. श्रेयस्कर दिलासा आणि प्रेय दिलासा यांतील अंतर माझ्या मते येथे आहे. लोरी यांच्या उत्तरकथांविषयीची माझी तक्रार त्या दिलासा देतात अशी नाही. 'द गिव्हर'च्या वाचकाने एकट्याने पेललेल्या भाराची दखल त्या घेत नाहीत, अशी आहे.

कुमारांसाठी लिहिणाऱ्या लेखकाने म्हणून काय करावे, याचा नियम समीक्षेने घालून देऊ नये. पण लेखकाने वाचकाजवळ 'थांबणे' म्हणजे काय, हे आता थोडे नेमके सांगता येते. वाचकाच्या वतीने निर्णय घेणे म्हणजे थांबणे नव्हे. त्याने घेतलेला निर्णय पुढच्या पुस्तकात रद्द करणे म्हणजेही नव्हे. आपण पूर्वी जे सांगितले त्यात काय चुकले, हे वाढत्या वयाच्या वाचकासमोर कबूल करणे म्हणजे थांबणे. १९७२ साली बारा वर्षांची असलेली वाचक 'तेहानू' हाती आली तेव्हा तीस वर्षांची झाली होती. ल ग्विन यांनी तिच्या तिशीलाही उत्तर दिले. यमाने नचिकेताला मूल म्हणून परत पाठवले नाही, ही त्या जुन्या कथेतील सर्वांत उदार गोष्ट आहे.