निरोप अडलेली भेट

श्वास संथ होऊ द्या. घाई कसलीच नाही. आज मन एका पेशीत न्यायचं आहे, आणि तिथे एका भेटीपाशी थांबायचं आहे.

केंद्रकाजवळ चपट्या पिशव्यांची चळत दिसते, थापून एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखी. कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव. पेशीबाहेर जाणारी बहुतेक प्रथिनं इथूनच पुढे जातात.

आता आणखी जवळ या. आर्फ नावाचं इवलं प्रथिन पाहा. त्याच्या मुठीत जीडीपी नावाचा रेणू आहे, तोवर ते निवांत. त्या रेणूच्या जागी जीटीपी आलं की ते पिशवीच्या पटलाला धरतं आणि त्यावर चढणाऱ्या वेष्टणाच्या प्रथिनांना बोलावतं. पण मूठ आपली आपण सहसा उघडत नाही. जीईएफ जातीचं दुसरं प्रथिन येऊन त्याला बिलगतं, मूठ सैल करतं. जीडीपी निसटतं, पेशीत मुबलक असलेलं जीटीपी आत येतं, आणि जीईएफ निघून जातं. भेट एवढीच.

इथे थांबा. मूठ सैल होऊ लागली आहे, जीडीपी अजून आतच आहे. दोन प्रथिनांमध्ये एक खाच उरली आहे. पेनिसिलियम बुरशीत सापडणारा ब्रेफेल्डिन ए हा रेणू नेमका त्या खाचेत जाऊन बसतो. दोघं एकमेकांत अडकतात. मूठ उघडत नाही, मिठीही सुटत नाही.

रोधक म्हणजे वाट अडवणारा, असंच मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. हा तर भेट होऊ देतो आणि निरोप अडवतो. १९९९ मध्ये प्रयोगांतून हे उमगलं, २००३ मध्ये स्फटिकांच्या रचनेत ती खाच प्रत्यक्ष दिसली. ते चित्र मी आजही पुन्हापुन्हा काढून बघतो.

त्या एका अडकण्याचे पडसाद पाहा. मिनिटा-दोन मिनिटांत वेष्टणं गळून पडतात. चळतीतून लांब नळ्या फुटतात, आणि बघता बघता ती आंतर्द्रव्य जालिकेत मिसळून जाते. काचेवरच्या पेशीत, जिथे ती होती, तिथे आता काही दिसत नाही.

नजर हलवू नका. कुणीतरी पेशींवरचं द्रावण काढून ताजं घालतं. ब्रेफेल्डिन धुऊन जातो, खाच रिकामी होते, मूठ उघडते. केंद्रकाच्या कडेला, हळूहळू, एक पिशवी. मग तिच्यावर दुसरी.