यंत्राचा पुरुषार्थ

रोबोंच्या कार्टूनमध्ये हाणामारी असतेच. तरी एखादी मालिका खेळण्यांबरोबर माळ्यावर जाते आणि एखादी मूल मोठं झालं तरी त्याच्या मनातून उतरत नाही. फरक कशाने पडतो, हे ‘बीस्ट वॉर्स’ या कॅनडात संगणकावर तयार झालेल्या मालिकेच्या एका भागात लख्ख दिसतं. भागाचं नाव ‘कोड ऑफ हिरो’, साल १९९८.

डायनोबॉट मूळचा खलनायक मेगाट्रॉनच्या टोळीतला. टोळी सोडून तो चांगल्या पक्षात येतो खरा, पण मध्येच डगमगतो आणि भविष्याची नोंद असलेली सोनेरी तबकडी मेगाट्रॉनच्या हाती देऊन बसतो. आता त्याला एकच प्रश्न पोखरतो आहे. पुढचं सगळं आधीच ठरलेलं असेल, तर दोष त्याचा कसा? मग मेगाट्रॉन एक डोंगर उडवतो आणि तबकडीवरच्या चित्रातूनही तो डोंगर नाहीसा होतो. म्हणजे भविष्य बदलता येतं! डायनोबॉटची सुटका होते आणि त्याच क्षणी दैवाकडे बोट दाखवायची सोयही संपते.

दैव मोठं की पुरुषार्थ, हा आपल्याकडे कीर्तनापासून पारापर्यंत चघळला गेलेला वाद. इथे तो आठ-दहा वर्षांच्या मुलांपुढे येतो, तोही एका शब्दाच्या प्रवचनाशिवाय.

कथा घडते आदिम काळातल्या पृथ्वीवर. तिथल्या आदिमानवांची वस्ती संपवून मानवजातच पुसून टाकायचा मेगाट्रॉनचा बेत असतो. डायनोबॉट अख्ख्या टोळीशी एकटा भिडतो. प्रत्येक वाराची किंमत अंगावर दिसते: कवच फुटतं, शक्ती संपत येते. अखेर त्याच्या आतली यंत्रणाच बजावते, आता बंद पडावं लागेल. तो आज्ञा धुडकावतो. जीव जाईल हे कळूनही. पुढे हत्यार उरत नाही, तेव्हा काठी आणि दगड एकत्र करून तो मेगाट्रॉनवर चालून जातो. यंत्रच स्वतःच्या घडणीला नाही म्हणतं. इच्छास्वातंत्र्य याहून सोपं करून कसं दाखवणार?

उलट उदाहरण ‘बीस्ट वॉर्स’ ज्यातून निघाली त्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ घराण्यातलंच. १९८६च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटात नायक ऑप्टिमस प्राइम मारला गेला, कारण जुनी खेळणी हटवून नवी आणायची होती. प्राइमही शूरपणेच लढला होता, पण त्याच्या मरणाचं खरं कारण कथेबाहेर होतं. मुलं हादरली, रडली, आणि १९८७मध्ये त्याला ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेत जिवंत करावं लागलं. ‘बीस्ट वॉर्स’सुद्धा खेळणी खपवण्यासाठीच निघाली होती, हे विसरून चालणार नाही. पण तिच्या लेखकांनी मरणाचं कारण पात्राच्या निर्णयातच ठेवलं. शिवाय मरताना डायनोबॉट सोबत्यांना सांगतो की माझी गोष्ट सांगाल तेव्हा चांगल्याबरोबर वाईटही सांगा. तबकडी त्यानेच दिली होती, हे त्या मरणाने पुसलं जात नाही. मुलांना एवढं कळतं, असं धरून लिहिणारे थोडेच.